ऑनलाइन जुना पार्ट मागवताना: पैसे पाठवण्याआधी काय काय बघायचं

मागच्या जुलैत मिरजेचा एक पोरगा खोकं घेऊन माझ्या काउंटरवर आला. "काका, जरा बघा की, दिल्लीवरनं मागवलाय, पण गाडी स्टार्टच होईना." खोक्यात डिझेल गाडीचा ईसीएम होता, म्हणजे इंजिनाचा मेंदू. किंमत साडेआठ हजार. बाहेरून पुसून लख्ख केलेला, स्टिकर जागच्या जागी. झाकण त्यानं घरीच उघडलं होतं. मी टॉर्च मारली. पिनांच्या बुडाशी हिरवट थर होता आणि झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात सिमेंटच्या पुडीसारखा बारीक, राखाडी गाळ बसला होता. बोट फिरवलं तर बोटाला आला.

या गाळाची ओळख सांगलीकराला करून द्यावी लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, शामरावनगर या भागांत उभ्या गाड्या पाण्याखाली होत्या, आणि पुढं कितीतरी महिने असेच डबे माझ्या काउंटरवर येत होते. त्या पोराचा ईसीएम इथला नव्हता, पण पुराचाच होता.

त्याला पैसे परत मिळाले नाहीत. कारणं चार. पैसे एका खासगी मोबाईल नंबरवर यूपीआयनं गेले होते. बिल नव्हतं. माल कसा आहे याबद्दल चॅटमध्ये 'ओके माल है भाई' एवढंच होतं. आणि झाकण उघडताना सील तुटल्यामुळं विकणारा म्हणाला, गाळ तुम्हीच घातला असेल. यातली पहिली तीन कारणं पैसे पाठवण्याआधीची आहेत, चौथं खोकं हातात आल्यावरच्या पहिल्या तासातलं. ग्राहकाला कायद्यानं बऱ्यापैकी संरक्षण दिलंय, पण ते उभं राहतं ते या दोन्ही वेळी तुम्ही गोळा केलेल्या कागदांवर आणि पुराव्यांवर. शंभर फुटी रोडच्या परिसरात अठरा वर्षं सुट्या भागांच्या धंद्यात काढल्यावर माझं हे पक्कं मत झालंय. जो पहिल्यांदाच जुना पार्ट ऑनलाइन मागवतोय, त्याच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितोय.

पहिली पायरी: हा पार्ट जुना घ्यावा का?

काही वस्तू जुन्या घ्यायच्याच नाहीत, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे पॅड, लायनर, ब्रेकचे होस पाइप, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सस्पेन्शनचे रबरी बुश. एअरबॅगबद्दल मी फार कळकळीनं सांगतो. तिच्यात स्फोटकाची नळी असते, ती एकदाच पेटते. उडालेल्या एअरबॅगचं कव्हर नीट चिकटवून विकतात, आणि मीटरमधला एअरबॅगचा दिवा विझावा म्हणून वायरीत रेझिस्टर टाकतात. दिवा विझतो, मालक निश्चिंत होतो, आणि आत काहीच नसतं. पाच-सात हजार वाचवण्यासाठी घरच्या माणसाला असल्या गाडीत बसवू नका.

टायर जुना घेत असाल तर बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही खोल दिसली तरी रबराचं वय तेच.

बंपर, फेंडर, दार, बोनेट, डिकी, हेडलाईट, आरसे, सीट, अलॉय व्हील, दाराच्या काचा हे जुने घ्यायला हरकत नाही. डायनामो, सेल्फ, एसी कॉम्प्रेसर, स्टेअरिंग रॅक यांच्या बाबतीत मी आधी विचारतो, तुमचाच दुरुस्त होत नाही का? सांगली-मिरजेत डायनामो आणि सेल्फ भरून देणारे चांगले कारागीर आहेत. आपल्या गाडीचा, आपल्या माहितीतला डायनामो नवीन बेअरिंग आणि ब्रश घालून घेणं हे परराज्यातून अनोळखी डायनामो मागवण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. शिवाय काम बिघडलं तर तो माणूस दुकानात भेटतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स हा वेगळाच विषय. इंजिन बदललं की आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार ते आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचे कागद आणि पक्कं बिल हवं. नाहीतर पुढं विमा, पासिंग, गाडीची विक्री, सगळीकडं अडतं. कागद नसलेलं इंजिन ऑनलाइन मागवू नका, एवढं एक वाक्य पाठ करा.

दुसरी पायरी: पार्ट नंबर काढा

ऑनलाइन खरेदीत जी भांडणं होतात त्यातली निम्मी फसवणुकीची नसतातच असं माझ्या काउंटरवरचं निरीक्षण आहे. चुकीचा पार्ट आलेला असतो, आणि चूक कोणाची यावर वाद होतो. 'स्विफ्टचा पुढचा बंपर' असं लिहून मागवतात. २०११ सालची स्विफ्ट आणि ऑक्टोबर २०१४ नंतरची स्विफ्ट लांबून एकच दिसते, पण मधे पुढचा बंपर बदललाय. विकणाऱ्यानं स्विफ्टचा बंपर पाठवला, तो खोटं बोलला नाही, आणि तुमच्या गाडीला तो बसत नाही. आता परतीचं भाडं कोण देणार?

म्हणून आधी गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर आरसी बुकावरून घ्या. कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर किंवा ओळखीच्या दुकानात तो सांगितला की नेमका पार्ट नंबर मिळतो. जमलं तर तुमच्या जुन्या पार्टवर छापलेला किंवा कोरलेला नंबरही पुसून वाचा आणि दोन्ही जुळवा. शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलं तरी विचारा, कारण सुधारित आवृत्ती बऱ्याचदा त्या शेवटच्या अक्षरातच असते.

डावा-उजवा यावरही घोळ होतो. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणून नुसतं 'डावा' न म्हणता 'क्लीनर साइड' किंवा 'ड्रायव्हर साइड' असं लिहा. परदेशी बनावटीच्या गाड्यांचे काही हेडलाईट आखाती देशांतून काढून आणलेले असतात. तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं, त्यामुळं त्या दिव्याचा झोत आपल्याकडं समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. दिवा बसतो अगदी बरोबर, पण रात्री पेठनाक्याकडं जाताना समोरचा शिव्या देतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

अलॉय व्हील घेताना फक्त इंच बघू नका. नटांची संख्या, नटांच्या वर्तुळाचा व्यास (१०० मिलिमीटर, ११४.३ मिलिमीटर असा), मधल्या भोकाचा व्यास आणि व्हीलवर 'ईटी' अक्षरांपुढं लिहिलेला आकडा (चाक किती आत-बाहेर बसेल ते सांगणारा) हे सगळं जुळावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये नंबर जुळला तरी काम संपत नाही. ईसीएम हा त्या गाडीच्या चावीशी, इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जोडलेला असतो. दुसऱ्या गाडीचा चांगला ईसीएमसुद्धा प्रोग्रॅमिंग केल्याशिवाय गाडी चालू करत नाही. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. तो कोड खरवडलेला असेल तर इंजेक्टर घेऊ नका. आणि मागवण्याआधी, हे प्रोग्रॅमिंग करणारा माणूस आपल्या गावात आहे का आणि तो किती घेतो, हे विचारून तो खर्च किमतीत धरा.

तिसरी पायरी: समोर विकणारा कोण आहे?

तुमचं संरक्षण किती, हे बरंचसं इथं ठरतं. ऑनलाइन जुने पार्ट तीन प्रकारच्या लोकांकडून मिळतात.

पहिला प्रकार, ज्या संकेतस्थळावर ऑर्डर होते, पैसे तिथंच जमा होतात आणि विक्रेत्याला नंतर मिळतात. इथं तुम्ही सर्वांत सुरक्षित. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली २०२० साली आलेले ई-कॉमर्सचे नियम इथं लागू होतात. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असं त्यात बंधन आहे. माल सदोष निघाला, बनावट निघाला किंवा वर्णनाप्रमाणं नसला तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार, नियमित धंदा करणारा जुन्या मालाचा व्यापारी. दिल्लीचं मायापुरी, मुंबईचं कुर्ला, चेन्नईचं पुदुपेट हे असे नावाजलेले बाजार आहेत. तिथले अनेक जण आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून देशभर माल पाठवतात. त्यांच्यात प्रामाणिक माणसं भरपूर आहेत, मी स्वतः घेतो. धंदा म्हणून विकतात, त्यामुळं ग्राहक कायदा त्यांना लागू होतो. पण तुम्हाला त्यांचं खरं नाव आणि पत्ता माहीत असला तर. म्हणून जीएसटी नंबर मागा. तो १५ अक्षरी असतो, पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय हे दिसतं. दिल्लीचा दुकानदार म्हणवणारा दुसऱ्याच राज्याचा नंबर देत असेल तर तिथंच थांबा.

तिसरा प्रकार, तुमच्या-माझ्यासारखा खासगी माणूस, जो स्वतःच्या गाडीचा उरलेला आरसा जाहिरात टाकून विकतो. ई-कॉमर्सचे नियम अशा व्यक्तिगत, अधूनमधून केलेल्या विक्रीला लागू नाहीत, आणि तो व्यापारीही नसतो. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊन उपयोग होत नाही. तिथं १९३० चा मालविक्री कायदा आणि दिवाणी कोर्ट, किंवा सरळ फसवणूक असेल तर पोलीस. म्हणून खासगी माणसाकडून घ्यायचं तर सांगली, कोल्हापूर, कऱ्हाड, साताऱ्यापर्यंतचंच घ्या. स्वतः जाऊन बघून, हातात घेऊन पैसे द्या. एवढ्यासाठी अर्धा दिवस मोडला तरी चालेल.

आणि एक नेहमीचा सापळा. पहिल्या प्रकारच्या संकेतस्थळावर ऑर्डर टाकली की विक्रेत्याचा फोन येतो: ऑर्डर कॅन्सल करा, डायरेक्ट करू, पाचशे कमी घेतो. त्या पाचशेत तुम्ही सगळं संरक्षण विकून टाकता. नाही म्हणा.

परदेशातून मागवायचा विचार असेल तर थोडक्यात सांगतो: वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडं निर्बंध आहेत, परवाना लागतो. पार्ट कस्टममध्ये अडकला तर तिकडच्या संकेतस्थळाची हमी तुम्हाला तिथून सोडवत नाही.

चौथी पायरी: फोटोवर जाऊ नका, व्हिडिओ मागा

फोटो कुणाचाही उचलता येतो. म्हणून मी विकणाऱ्याला एकच सांगतो: कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिही, तो कागद पार्टशेजारी ठेव आणि न थांबवता दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ. पार्ट नंबर जवळून दाखव, सगळ्या बाजू फिरव, मागचे स्क्रू लावायचे कान दाखव. ज्याच्याकडं माल खरंच आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. ज्याच्याकडं नाही तो आढेवेढे घेतो, 'विश्वास नाही का साहेब' म्हणतो. विश्वासाचा प्रश्नच नाही, मी त्याला ओळखतच नाही.

व्हिडिओत काय बघायचं?

हेडलाईटला काचेपेक्षा मागचे प्लास्टिकचे कान महत्त्वाचे. तुटलेला कान गरम तारेनं जोडलेला असेल तर तिथं लहरी लहरी वळ दिसतो. काच घासून चमकवलेली असेल तर ती सहा महिन्यांत परत पिवळी पडते. डायनामो आणि सेल्फ बेंचवर बॅटरी लावून फिरवून दाखवायला सांगा. एसी कॉम्प्रेसरच्या नळ्यांची तोंडं बूच लावून बंद आहेत का बघा. उघडी असतील तर आतलं तेल हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि तो कॉम्प्रेसर फार दिवस साथ देत नाही. टर्बोचा दांडा बोटानं वर-खाली हलवून दाखवायला सांगा, खडखड हलला तर सोडून द्या. बंपर, फेंडर यांच्या कडा आणि आतली बाजू बघा, बाहेरून रंग नवा आणि आतून पुट्टी असा माल फार येतो.

आता पुराच्या मालाबद्दल, कारण हे आपल्या भागातल्या लोकांना जास्त कळतं आणि कळायलाही हवं. पुरात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या 'टोटल लॉस' धरतात, त्या लिलावात जातात, आणि त्यांचे पार्ट सुटे होऊन देशभर विकले जातात. यात बेकायदा काही नाही. पुराच्या गाडीचा बोनेट घ्यायला काहीच हरकत नाही. पण ईसीएम, वायरिंग, मीटर, सेन्सर, फ्यूज बॉक्स, सीट, हे पुराचं असल्याचं न सांगता विकणं ही फसवणूक आहे. पाण्यानं हे पार्ट लगेच मरत नाहीत. पिनांवर हळूहळू गंज चढतो, आणि चार महिन्यांनी गाडी भर रस्त्यात बंद पडते, तेव्हा परतीची मुदत कधीच संपलेली असते.

ओळखायचं असं. कनेक्टरच्या आत पिनांच्या मुळाशी हिरवा किंवा पांढरा थर. स्क्रूच्या डोक्याच्या खाचेत माती. वायरिंगच्या काळ्या टेपखाली, सीटच्या रुळांत, दिव्याच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ. लोखंडी भागांवर एकसारखा तांबूस गंज, जिथं एरवी गंज चढत नाही तिथंसुद्धा. पुसलेला माल बाहेरून फसवतो, म्हणून कनेक्टरच्या तोंडात टॉर्च मारून जवळून व्हिडिओ मागा. आणि पार्ट हातात आल्यावर आधी नाकाला लावा. बंद खोलीतल्या ओल्या पोत्याचा असतो तसा कुबट वास या मालाला असतो, साबणानं धुतला तरी कनेक्टरच्या आतून तो येतो.

पाचवी पायरी: हा माल चोरीचा तर नाही?

मेरठच्या सोतीगंजला चोरीच्या गाड्या सुट्या करण्याचा बाजार वर्षानुवर्षं चालला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो पोलिसांनी बंद केला. लांबचंच कशाला, आपल्या महाराष्ट्रात ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. त्या सायलेन्सरमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात, म्हणून ती चोरी.

चोरीचा माल अनावधानानं घेतला तरी तो तुमचा होत नाही. मालकी ज्याच्याकडं नाही त्याला ती दुसऱ्याला देता येत नाही, हे मालविक्री कायद्याचं साधं तत्त्व. माल जप्त होतो, पैसे जातात. आणि चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

म्हणून नंबर घासलेला पार्ट नको. बाजारभावाच्या चौथ्या हिश्शात मिळणारा जवळपास नवा सायलेन्सर, ईसीएम, म्युझिक सिस्टीम नको. कोणत्या गाडीतून निघाला, ती गाडी कुठं स्क्रॅप झाली, हे विचारा. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं सुरू झाली आहेत, तिथल्या मालाला कागद असतो. सगळ्यांकडं तो नसेल, पण निदान पक्कं बिल तरी हवंच.

सहावी पायरी: ठरलेलं सगळं लिहून घ्या

फोनवर ठरलेलं फोनवरच विरतं. मी पैसे देण्याआधी विक्रेत्याला एक मेसेज टाकतो. साधारण असा:

'तुमच्याकडून अमुक गाडीचा, अमुक साल, पार्ट नंबर अमुक, ड्रायव्हर साइडचा हेडलाईट ३,२०० रुपयांना घेत आहे. कान तुटलेले किंवा जोडलेले नाहीत, गाडी पुरातली नाही, दिवा चालू आहे, असं तुम्ही सांगितलं आहे. मिळाल्यापासून सात दिवस तपासणीची गॅरंटी. वर्णनाप्रमाणं नसल्यास पूर्ण पैसे परत, परतीचं भाडं तुमच्याकडं. बरोबर असल्यास होय लिहा.'

'होय' आलं की मगच पुढं. हिंदीत लिहा, मराठीत लिहा, काही फरक पडत नाही. यानं दोन गोष्टी होतात. लबाड माणूस इथंच गळतो. आणि उद्या आयोगापुढं जायची वेळ आली तर 'वर्णनाप्रमाणं माल नाही' हे दाखवायला वर्णन तुमच्या हातात असतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही आताच काढून ठेवा, कारण वाद झाला की पहिल्यांदा गायब होते ती जाहिरात. 'जसा आहे तसा, नो रिटर्न' असं लिहिलेला माल घ्यायचाच असेल तर तो भंगाराच्या भावानं घ्या.

सातवी पायरी: पैसे कसे द्यायचे

इथं जरा थांबून वाचा.

यूपीआयनं पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेली रोकड. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. पण तो तुमच्या नकळत गेलेल्या पैशांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, तर बँकेच्या लेखी तो तुमचाच व्यवहार. क्रेडिट कार्डानं संकेतस्थळावर पैसे भरले असतील तर माल न आल्यास किंवा भलताच आल्यास बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो. म्हणून पहिली पसंती संकेतस्थळावर कार्डानं, दुसरी दुकानाच्या नावाच्या चालू खात्यावर बिलाच्या बदल्यात, आणि खासगी नंबरवर यूपीआय सगळ्यात शेवटी, तेही छोट्या रकमेसाठी.

खात्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव एकच हवं. 'भाचीच्या नंबरवर टाका, माझी लिमिट संपली' असं ऐकलं की व्यवहार सोडा.

पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. हे तुमच्या आई-वडिलांना, पोरांनाही सांगा. 'रिफंड पाठवतोय, हा कोड स्कॅन करा' म्हणजे तुमच्याच खात्यातून पैसे जाणार. लष्करात आहे, बदली झालीय, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, माल आर्मीच्या गाडीनं येईल, ही गोष्ट ऐकलीत तर ती आता जुनी झालीय. ओळखपत्राचा फोटो हा कुठलाच पुरावा नाही.

मोठी रक्कम असेल तर थोडा ॲडव्हान्स, बाकी बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो आल्यावर, असं ठरवून बघा. धंद्यातले बरेच जण तयार होतात. कॅश ऑन डिलिव्हरीनं सुटका होते असं मात्र नाही. बहुतेक ठिकाणी आधी पैसे, मग खोकं उघडणं, आणि कुरिअरच्या पोराला पैसे परत द्यायचा अधिकार नसतो.

आठवी पायरी: बिल्टी, भाडं, आणि खोकं उघडणं

बंपर, दार, गिअरबॉक्स असला जड माल कुरिअरनं नाही तर ट्रान्सपोर्टनं येतो. 'टू-पे' म्हणजे भाडं तुम्ही गोदामात भरायचं, 'पेड' म्हणजे त्यानं भरलंय. हे आधी ठरवा, नाहीतर तीन हजारांच्या बंपरला भाडं, हमाली आणि रिक्षा मिळून हजार-बाराशे जातात. काच आणि दिवे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बांधून पाठवायला सांगा, त्याचे दोन-तीनशे जास्त गेले तरी द्या.

खोकं फाटलेलं, ओलं, पुन्हा टेप मारलेलं दिसलं तर बिल्टीवर सही करण्याआधी त्याच कागदावर तसं लिहा. मग घरी आणून घाई करू नका. दुसऱ्या माणसाच्या हातात मोबाईल द्या आणि एकाच सलग व्हिडिओत खोक्याच्या सहाही बाजू, चिकटवलेला पत्ता, टेप कापणं, पार्ट बाहेर काढणं, पार्ट नंबर, कनेक्टर, कान, सगळं दाखवा. मधे व्हिडिओ थांबवलात तर समोरचा म्हणणार की तेवढ्यात बदललं. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी मूळ फाइल मोबाईलमध्ये जपून ठेवा.

नववी पायरी: बसवताना

मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा: सील तोडायचं नाही, झाकण उघडायचं नाही, रंग मारायचा नाही, तपासणी होईपर्यंत काही कापायचं-जोडायचं नाही. परतीची मुदत तुमच्या हातात माल पडल्यापासून मोजतात, गाडी गॅरेजला लागल्यापासून नाही. मिस्त्री पुढच्या आठवड्यात मोकळा होणार असेल तर पार्ट पुढच्या आठवड्यातच मागवा.

आणि स्वतःचा जुना पार्ट लगेच भंगारात घालू नका. त्या मिरजेच्या पोराचा मूळ ईसीएम त्याच्या मिस्त्रीनं गॅरेजच्या फळीवर ठेवून दिला होता, म्हणून तो वाचला. ईसीएम दुरुस्त करणाऱ्याकडं पाठवला, आतला एक भाग बदलून अडीच हजारांत झाला, आणि गाडी आजही चालते. साडेआठ हजार मात्र गेले ते गेलेच.

फसगत झालीच तर

सरळ फसवणूक असेल, म्हणजे पैसे घेऊन माणूस गायब, नंबर बंद, तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उद्या करू म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता आले तरच हाती लागतात. त्याच दिवशी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, स्वतःच्या बँकेला लेखी कळवा आणि तक्रारीचे क्रमांक वहीत लिहून ठेवा. फसवणुकीला न्याय संहितेचं ३१८ वं कलम आहे, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा पोलिसांच्या सायबर विभागात जाताना स्क्रीनशॉटची छापील प्रत न्या.

माल आला पण वर्णनाप्रमाणं नाही, विक्रेता फोन उचलतो पण टाळतो, अशा वेळी आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा दिल्लीचा म्हणून दिल्लीला जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीकराला सांगलीतच. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील बंधनकारक नाही, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत दोन वर्षांची.

एक बारीक गोष्ट गाडीवर पोट असणाऱ्यांसाठी. नफ्यासाठी पुन्हा विकायला माल घेणारा कायद्यानं 'ग्राहक' ठरत नाही. पण स्वतःची एकच टॅक्सी किंवा टेम्पो स्वतः चालवून घर चालवणारा माणूस ग्राहकच असतो, त्याला आयोगात जाता येतं. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा: गाडी माझी आहे, मीच चालवतो, यावरच माझं घर चालतं. आणि सोबत जोडा बिल, तो 'होय' लिहिलेला मेसेज, आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ.